ज्युलियसनं लवूला कापलं

ज्युलियस परेरा चित्रं काढायला कुणाकडे शिकला नव्हता. अंधेरीजवळच्या मरोळगावात त्याचं घर, मागे भाताचं खाचर आणि विहीर. लहानपणी चुलीतल्या कोळशानं त्यानं गोठ्याची भिंत काळी केली, तेव्हा त्याच्या आईनं, मेबलबाईनं, आधी दोन रट्टे दिले आणि मग शेजारणीला हाक मारून तीच भिंत दाखवली. पुढे चर्चच्या सणाला मागचा पडदा रंगवायचा तो ज्युलियसनंच, स्टेशनाबाहेरच्या दुकानांच्या पाट्या लिहायच्या त्याही ज्युलियसनंच. गावात ‘पेंटर’ म्हटलं की त्याच्याच घराकडे बोट जायचं, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

एक्कावन्न साली त्याच्या मागच्या खोलीत लवू भाड्यानं राहायला आला. कुडाळकडचा. तोही कुणाकडे न शिकता दशावतारी नाटकांचे पडदे रंगवायचा. आल्या आल्या त्यानं खोलीच्या भिंतीवर गावची खाडी काढली. मेबलबाई बघायला गेली आणि तिथूनच ओरडली, “ज्युलियस, ये रे! याचं पाणी बघ, ओलं दिसतं!”

ज्युलियस गेला. पाणी खरंच ओलं दिसत होतं. “बरंय,” एवढंच तो म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या वर्षी अंधेरीतल्या एका स्टुडिओला पडदे रंगवणारी माणसं हवी होती. दोघंही लागले. उंच फळीवर शेजारी शेजारी उभं राहून दोघं आभाळ रंगवत. एकदा कॅमेरामन खाली उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, “या ढगावर ऊन कुठल्या बाजूनं येतंय?” ज्युलियस उत्तर जुळवत होता, तोवर लवू सांगून मोकळा झाला. वर तुमचा दिवा उलट्या बाजूला लावलाय, हेही सांगितलं. महिन्याभरात लवू कॅमेऱ्याच्या खात्यात मदतनीस झाला. ज्युलियस फळीवरच राहिला. वरून त्याला लवूचं डोकं दिसायचं, काळ्या कापडाखाली शिरताना आणि बाहेर येताना. ब्रशातला रंग त्या डोक्यावर सांडावा असं त्याला कितीदा वाटलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

लवू वाईट असता तर निभलं असतं. पण तो वाईट नव्हता. घरी आला की मेबलबाईचं पाणी भरायचा, तिला ‘आये’ म्हणायचा आणि ज्युलियसच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “तुका पण कॅमेऱ्यात घेतत, थांब जरा.” ती थाप ज्युलियसला चटका दिल्यासारखी लागायची.

मग ज्युलियसच्या मनानं घेतलं की आपण स्वतःच फिल्म करायची. गरज नव्हती, हौसही नव्हती. लवू दुसऱ्याचा कॅमेरा पुसतो, आपण आपला चालवू, एवढाच हिशेब. चोरबाजारात त्याला लढाईत वापरलेला, चावी देऊन चालणारा एक कॅमेरा मिळाला. सायकल विकून त्यानं तो घरी आणला. फिल्म कुठून आणणार? तर ती लवूनंच दिली. स्टुडिओत रिळांचे उरलेले तुकडे फेकून द्यायचे, ते त्यानं साहेबाला विचारून आणले. लॅबमध्ये धुऊन, प्रिंट काढून आणायचं कामही त्यानंच अंगावर घेतलं. ज्युलियस प्रत्येक डबा हातात घेताना मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचा आणि डबा मात्र घ्यायचा.

चोपन्नच्या उन्हाळ्यात ज्युलियसच्या बहिणीचं, ल्युसीचं लग्न निघालं. ज्युलियसनं ते सगळं टिपलं. मांडव घालणारे शेजारी, तांदळाच्या वड्यांच्या पराती, वाजंत्री लावून विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणायला निघालेल्या, लाल लुगडी नेसलेल्या बाया. आणि पाणी काढताना मध्येच लवू डोक्यावर कळशी ठेवून असा काही नाचला की बाया खो खो हसल्या. मेबलबाई तर विहिरीच्या कठड्याला टेकून डोळे पुसत हसली.

कापाकापी तो स्टुडिओतच शिकला. काशीराम म्हणून एक अबोल एडिटर होता. जेवणाच्या सुट्टीत ज्युलियस त्याच्या खोलीत जाऊन बसायचा, बघायचा, मग घरी ब्लेड आणि फिल्म चिकटवायचं द्रावण घेऊन तसंच करून पाहायचा. लग्नाच्या फिल्मचे तुकडे खिडकीत उजेडाला धरले तेव्हा त्याला दिसलं की सगळ्यात चांगला तुकडा लवूचा आहे. पडद्यात तो, कॅमेऱ्यात तो, आता आपल्या सख्ख्या बहिणीच्या लग्नातही तोच? ज्युलियसनं ब्लेड घेतलं आणि जिथे जिथे लवू दिसला तिथे तिथे त्याला कापलं.

फिल्म चर्चच्या आवारात दाखवली. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्याकडून यंत्र आणलं होतं. सगळं गाव लोटलं. “ती बघ आपली ल्युसी!” “अरे, माझा बैल!” अशा आरोळ्या उठत होत्या. स्वतःला पडद्यावर चालताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ज्युलियसला वाटलं, जिंकलो.

मग विहीर आली. लवू पुढे सरकून बसला. “आता माझा नाच!” शेजारच्याला त्यानं कोपरानं ढोसलं. पडद्यावर विहीर दिसली, आणि एकदम मेबलबाई, कठड्याला टेकून पोट धरून हसतेय. समोर काहीच नाही. लोक गोंधळले. कुणीतरी म्हणालं, “म्हातारीला काय झालं?” फिल्म पुढे गेली.

“मी खंय आसंय रे?” लवूनं विचारलं. “दिवसभर नाचलंय मां मी!”

ज्युलियस यंत्राच्या तारेशी खुडबुड करू लागला. तेव्हा लवूच म्हणाला, “लॅबमध्ये जळली आसतली. असू दे. बाकी झकास केलंस हां!”

घरी आल्यावर मेबलबाई लेकावर उखडली. “माझी वाट लावलीस तू. विहिरीकडे बघून हसणारी येडी दिसते मी! मी कुणाला हसले, ते कुठाय?”

तुकडे त्यानं टाकून दिले नव्हते, बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. सकाळी त्यानं ते काढले. खिडकीत उजेडाला धरून बघितले. आईचं हसू आणि लवूचा नाच एकमेकांशेजारी धरले की दोन्ही जिवंत व्हायचे, वेगळे केले की दोन्ही मरायचे. त्याला मनापासून राग आला, पण हात चिकटवायलाच लागले.

ल्युसीच्या सासरी फिल्म पुन्हा दाखवली. या वेळी विहिरीपाशी असा हशा उठला की यंत्रवाल्याला तो भाग परत लावावा लागला. “कोण रे हा?” सगळे विचारत होते. ज्युलियसबद्दल कुणीच विचारलं नाही.

लवू सगळ्यांतून वाट काढत त्याच्याकडे आला. हसत नव्हता.

“म्हणजे लॅबमध्ये जळली नाय.”

“नाय.”

“मग?”

“मीच जळलो,” ज्युलियस म्हणाला.

लवू चपला घालून निघून गेला. पुढे पावसाळाभर तो ज्युलियसशी बोलला नाही. आयेचं पाणी मात्र भरत होता.

काशीरामनं ती फिल्म पाहिली आणि ज्युलियसला फळीवरून खाली उतरवून आपल्या खोलीत घेतलं. “तुला कुठे कापायचं ते कळतं, आणि कुठे नाही ते उशिरा कळतं,” तो म्हणाला. चार वर्षं ज्युलियस तिथे राबला. अठ्ठावन्न साली आरे कॉलनीतल्या म्हशींवर आणि तिथल्या जंगलातल्या जुन्या पाड्यांवर एक छोटी फिल्म करायचं काम त्याच्या स्वतःच्या नावावर आलं. कॅमेऱ्यासाठी माणूस निवडायचा होता. आठवडाभर तो दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधत हिंडला. शेवटी मागच्या खोलीचं दार वाजवलं.

“म्हशी काढशील?”

“कापशील?” लवूनं विचारलं.

“म्हशी नाय कापणार.”

लवू फस्सकन हसला.

फिल्म तयार झाली. निर्मात्यानं पाहिली आणि उठून पहिला हात लवूचा धरला. “फोटोग्राफी काय आहे, वा! ते पहाटेचं धुकं!” ज्युलियस दोन पावलं मागे उभा होता. पहाटेच्या त्या धुक्यात म्हशींची रांग कुठे तोडायची, यासाठी त्यानं चार रात्री डोळे फोडले होते. ते कुणाला दिसणार?

बाहेर आल्यावर लवूनं दोन चहा सांगितले.

“खूश मां?” त्यानं विचारलं.

“नाय,” ज्युलियस बशीत चहा ओतत म्हणाला. “पुढच्या खेपेला कॅमेरा मी धरणार. तू काप.”