गुंडुलाचं गांजाचं तेल

लेअर गावात गुंडुला रायमर्सच्या सलूनमध्ये मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर केस कापायचे. तिची कात्री आणि जीभ दोन्ही सारख्याच झपाट्याने चालायच्या. एका हिवाळ्यात ती दुकानासमोरच्या बर्फावर घसरली आणि कंबर मोडली. दोन ऑपरेशनं झाली, हाड जुळलं, पण डाव्या पायातली कळ काही हटेना. "पायात कुणी तापलेली सळई फिरवतंय गं," म्हणायची.

जबर गोळ्या सुरू झाल्या. कळ जराशी दबली, पण बाई दिवसभर गुंगीत. एकदा म्हाताऱ्या उबेनसाहेबांचा कानच तिच्या कात्रीत आला. रक्त आलं. "राहू दे गं, दुसरा आहे की मला!" म्हातारा म्हणाला. आम्ही हसलो. गुंडुलाने मात्र कात्री खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही.

वर्षभर असंच गेलं. मग डॉक्टर आडेनबाईंनी गांजाच्या औषधी तेलाचं नाव काढलं.

"गांजा? अहो, मी चर्चमध्ये गाते!"

"गाताना नाही घ्यायचं, झोपताना घ्यायचं."

तेल महाग. विमा संस्थेने आधी मंजुरी दिली तरच परवडणार. संस्थेने नकार कळवला: इतर उपाय करून पाहिल्याचं दिसत नाही.

"सोड आता," तिचा नवरा फोक्को म्हणाला. "नियमापुढे कुणाचं चाललंय?"

"तू सोड. तुझा पाय नाहीये तो."

मी तिला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून विम्याच्या कचेरीत नेलं. तिथल्या ब्रूनकेन नावाच्या टायवाल्या गृहस्थाने खुर्ची पुढे केली.

"बसा."

"बसता आलं असतं तर इथं कशाला आले असते?" असं म्हणून गुंडुला सरळ गालिच्यावर आडवी झाली.

"बाई, हे असं चालत नाही."

"मलाही चालवत नाही, म्हणून तर झोपलेय!"

तो टेबलावरून वाकून बघत राहिला. मग उठला, फिरून आला आणि चक्क गुडघे टेकून तिच्याजवळ बसला. "साधारण किती वेळ बसता येतं?"

"सूप संपेपर्यंत. तेही गरम असलं तर अर्धंच."

"आणि गोळ्यांनी काय होतं?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग उबेनसाहेबांच्या कानाची गोष्ट मीच सांगितली.

त्याने फाइल चाळली. "यातलं एक अक्षर तुमच्या डॉक्टरांच्या अहवालात नाही. नुसतं 'कंबरदुखी, उपचार चालू'. आमच्या तपासणी डॉक्टरांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यांनी कागद पाहिला. कोणत्या औषधाने काय झालं, सगळं लिहून आणा. फेरविचाराची मुदत अजून संपलेली नाही."

आडेनबाईंना ते सांगितलं तेव्हा त्या ओशाळल्या. त्यांनी अहवाल नव्याने, सविस्तर लिहिला. तरी महिनोन्महिने वाट पाहावी लागली. त्या दिवसांत गुंडुला कुणाशी धड बोलत नव्हती. शेवटी ब्रूनकेनचाच फोन आला, मंजूर झालं म्हणून. फोन ठेवून ती ओट्याला टेकून रडली आणि रडतारडताच फोक्कोला म्हणाली, "चहा टाक, बघत काय उभा राहिलास?"

तेलाने पहिल्यांदा काहीच झालं नाही. तोंड कोरडं पडायचं, वर सुक्या गवताची चव.

"उडायला लागलीस का?" फोक्को रोज सकाळी विचारायचा.

"लागले की वरून हात करीन तुला."

मग एकदा ती रात्रभर सलग झोपली. हळूहळू डॉक्टरबाईंनी गोळ्या कमी केल्या, डोकं साफ झालं. कळ गेली नाही. "सळई आहेच, पण कोमट झालीय," म्हणते. आता आठवड्यातून दोन दिवस सकाळी ती सलूनमध्ये येते, मधेमधे मागच्या खोलीत आडवी होते आणि तिथूनच माझ्या कामातल्या चुका काढते.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी नवराबायको नदीच्या बांधावर फिरायला गेले. थोडं चाललं की फोक्को विचारी, "परत फिरायचं का?"

"तुझे पाय दुखत असतील तर तू फीर," गुंडुला म्हणाली आणि बांधाच्या टोकाला असलेल्या चहाच्या दुकानापर्यंत त्याला घेऊन गेली.