बाबांची हळद

वडील गेले आणि ट्रक राहिला. आमच्या घरात सगळ्यांचा अंदाज नेमका उलटा होता.

ट्रक बाबांनी जुनाच घेतला होता. वडनेर भोलजीची वांगी-मिरची त्यात भरून ते मलकापूर, खामगावचे बाजार करायचे. गाडीचा सेल्फ कधी लागायचा नाही, म्हणून ती नेहमी उतारावर उभी करावी लागे. ज्यांच्या दारापुढे उतार नाही, अशा नातेवाइकांकडे आम्ही कधी गेलोच नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा बाबांनी आधी तिच्या दारापुढची जमीन पाहिली. (जमीन उतरती निघाली. माझा संसार त्या उतारावर उभा आहे.) स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. त्यामुळे आमच्या गल्लीच्या डाव्या बाजूला राहणाऱ्या लोकांशी बाबांचे संबंध कायम ताणलेले असत!

पण खरं दुखणं रेडिएटरचं होतं. तो गळायचा. त्यावर बाबांचा एकच इलाज होता : हळद. धोतराच्या तुकड्यात बांधलेली हळदीची पोटली केबिनमध्ये आरशाजवळच्या खुंटीला लटकलेली असे. पाणी गळायला लागलं की बाबा मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायचे, ती भेगांत जाऊन बसायची आणि गाडी घरापर्यंत यायची.

मी नांदुऱ्याला वाचनालयात ग्रंथपाल आहे. एकदा मी बाबांना म्हणालो, की हा काही शास्त्रीय उपाय नव्हे.

"तुहं बोट कापलं तर तुही माय काय लावते?" बाबांनी विचारलं.

"हळद."

"मंग? गाडीले का बोट नसते?"

यावर वाचनालयातल्या एकाही पुस्तकात उत्तर नव्हतं. मला मात्र त्यांनी बोनेटला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तकं पाह्य," म्हणायचे.

एका सकाळी ते चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर बसले होते. कप रिकामा झाला, पण ते उठले नाहीत. यापेक्षा जास्त मला अजून लिहिता येत नाही.

राख सावडून झाल्यावर आईनं सांगितलं, "त्यायले चांगदेवले न्यायचं, संगमावर. अन् त्यायच्याच गाडीत न्यायचं. त्यायचा एक कण बी इथी राह्यला नाही पाह्यजे. कण राह्यला का जीव अडकते."

"आई, त्या गाडीत ते पोचतील का?" मी विचारलं.

"आजवर पोचले ना?"

निघालो. गाडी चालवायला आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा. मध्ये आई. कडेला मी, डोकं भादरलेला, मांडीवर अस्थींचं मडकं. चितेची थोडी राख आईनं वेगळी, बाबांच्या धोतराच्या तुकड्यात बांधून घेतली होती. अस्थी असोत की राख, जमिनीवर ठेवायची नसते. घरात तिला जागा नव्हती तेव्हा ती अंगणातल्या निंबाला टांगली होती. गाडीत निंब नव्हता. मामानं इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरची हळदीची पोटली काढून सीटखाली सारली आणि राखेची पोटली खुंटीला लावली. मामाच्या दृष्टीनं हे अगदी शास्त्राला धरून होतं. मी त्या वेळी मडकं सांभाळत गाडीत चढत होतो, त्यामुळे मला यातलं काही दिसलं नाही.

मलकापूर ओलांडलं आणि गाडीनं वाफ सोडली.

मामानं गाडी कडेला घेतली. (डावीकडे! हॉर्न वाजला. मागचा टँकरवाला शिव्या देऊन गेला.) बोनेट उघडलं तर खाली धार लागलेली.

"गळून राह्यलं बे सुधा," मामा मला म्हणाला. ओलं पोतं टाकून, बराच वेळ थांबून त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं. कॅनमधलं पाणी ओतायला लागला. जेवढं वरून जात होतं तेवढंच खालून येत होतं. "हळद आण!"

बाबांचा मुलगा म्हणून मी काय करायला हवं, हे त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा नक्की माहीत होतं. मी केबिनकडे धावलो. आई डोळे मिटून बसली होती; मी खुंटीवरची पोटली काढली. एका हातात मडकं, ते खाली ठेवायचं नाही. दुसऱ्या हातात पोटली, तिची गाठ दातांनी सोडली. बोनेटपाशी आलो तर वाफेनं चष्मा पांढरा झाला. अंदाजानं पोटली पालथी केली.

मामानं कॅन खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "हळद करडी कधीपासून झाली बे?"

मी चष्मा शर्टाला पुसला. रिकामं फडकं पाहिलं. मग रेडिएटरच्या तोंडात पाहिलं.

"मामा, ती हळदीची पोटली..."

"सीटखाली हाये."

"मग खुंटीवर..."

"भाऊजी होते."

मी केबिनकडे वळून पाहिलं. काचेतून आई आमच्याकडेच पाहत होती. ती खाली उतरली, आली, फडकं पाहिलं. "काऊन रे, काय केलं?" मी मानेनंच रेडिएटरकडे खूण केली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याच वेळी, अगदी नको तिथे, हसूही यायला लागलं होतं. दोन्ही दाबता दाबता माझ्या घशातून त्या हॉर्नसारखा आवाज आला.

तेवढ्यात मामा गाडीखाली वाकला. "अक्का," तो म्हणाला, "धार थांबली."

खरंच थांबली होती. आईनं खाली वाकून पाहिलं.

"मरून बी गाडी सोडवत नाही या माणसाले," ती म्हणाली आणि हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ती गरम बोनेटच्या कडेला हात टेकून रडली. इतके दिवस ती रडलीही नव्हती.

संगमावर अस्थी सोडून झाल्या. गुरुजींनी विचारलं, "सगळं आलं ना?"

"थोडं गाडीत आहे," मी म्हणालो.

"मग आणा."

"आणतो. बादली मिळेल का?"

मामानं रेडिएटरची खालची तोटी सोडली. बादली भरली की मी पाण्यात नेऊन सोडायचो, गुरुजी मंत्र म्हणायचे. तिसऱ्या बादलीपासून त्यांनी काठावरूनच म्हटले. मामानं संगमाचं पाणी वरून ओतून रेडिएटर पुन्हा पुन्हा धुतला. शेवटचं पाणी स्वच्छ आलं. त्याच नदीचं पाणी भरून आम्ही परत निघालो. आई खुंटीकडे बघत बसली होती.

वडनेरपर्यंत गाडीखाली एक थेंब पडला नाही. त्यानंतरही पडलेला नाही. आधी मी फार आनंदलो. मग एका दुपारी वाचनालयात बसलो असताना त्याचा अर्थ लक्षात आला. पाणी गळत नाही, म्हणजे भेगेत काहीतरी अजून बसलेलं आहे.

मी आईला सांगायचं टाळत होतो. एक दिवस भंगारवाला आला, गाडीभोवती फिरला, भाव बोलला. मी हो म्हणणार, तेवढ्यात आई ओट्यावरून म्हणाली, "गाडी विकाची नाही."

"आई, तूच म्हणाली होतीस ना, कण राहिला तर जीव अडकतो?"

"हाव. म्हणून तं," ती म्हणाली. "अडकला तं घरीच अडकला ना?"

आता गाडी आमच्या उतारावर उभी असते. दर रविवारी मी चपला काढून बोनेट उघडतो, आधी चष्मा पुसतो, मग पाणी पाहतो. लोकांची मुलं वडिलांना संगमावर नेऊन मोकळं करतात. मी माझ्या वडिलांना तिथवर नेलं आणि वाटेत परत कामाला लावलं.