स्वखुशीने

गावात त्याला सगळे ठोक्या म्हणत. बापाचा पाथरवटाचा धंदा त्याच्याकडे आला होता, आणि त्याची हातोडी सुरू झाली की शेजारच्यांना बोलणं आवरतं घ्यावं लागे. बेकरीवाल्या काकूंचा एकुलता एक मुलगा लढाईत मारला गेला. त्याच्या नावाची शिळा चर्चमध्ये बसवायची ठरली, तेव्हा काम ठोक्याकडेच आलं. मुलगा त्याचा जिवलग दोस्त होता.

काकूंनी मजकूर कागदावर लिहून दिला: नाव, जन्म, मृत्यू आणि खाली ‘स्वखुशीने गेला’.

तीन ओळी चार दिवसांत झाल्या. चौथीपाशी हात अडला. छिन्नीला धार लाव, शिळा पूस, पुन्हा धार लाव, असा आठवडा गेला. शेवटी काकूच त्याच्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहीला पीठ तसंच होतं.

“काय रे, एका ओळीला एवढा वेळ?”

“काकू, तो खुशीनं नव्हता गेला.” ठोक्यानं हातोडी खाली ठेवली. “भरतीच्या दारातून तो माघारी फिरला होता. मी त्याला भित्रा म्हणालो. गावभर सांगेन म्हणालो. मग त्यानं सही केली. मला मात्र डॉक्टरनं छातीत दगडाची धूळ आहे म्हणून घरी पाठवलं.”

काकू जमिनीवरच्या कपच्यांकडे बघत राहिल्या.

“दोन वर्षं रोज माझ्या दुकानात येतोयस, आणि हे आज सांगतोस?”

ठोक्यानं छिन्नी उचलली.

“ती ओळ नको. शिळा तूच बसव. पण तेव्हा मी तिथं नसेन.”

त्यानं एकट्यानं शिळा बसवली. त्यानंतर पाव आणायला त्याची बायको जायची आणि चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा. अशी नऊ वर्षं गेली.

एका रविवारी चर्चच्या ओल्या पायरीवर काकूंचा पाय घसरला. ठोक्या मागेच होता. त्यानं दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. आत शिळेपाशी आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “फार घाबरला होता का रे?”

“हो. सही दोनदा चुकली.”

“मग मला का नाही बोलला?”

“तुम्ही सकाळीच भरतीला जायला त्याचा चांगला कोट इस्त्री करून ठेवला होतात, काकू.”

बोलून गेला आणि त्याला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. काकू जवळच्या बाकावर बसल्या. मग जरा सरकून म्हणाल्या, “बस.”

तो बसला. भिंतीवरच्या शिळेकडे बघायचं धाडस मात्र दोघांनाही झालं नाही.