पाठीवर घेतलेलं ऊन

स्क्रीनवर टॉवरच्या बॅटरीचा आकडा लाल झाला आणि तेवढ्यात डेबचा फोन. डेब कोलोरॅडोतल्या डोंगरी बचाव पथकाची प्रमुख. तिच्या पथकाचा रेडिओ टॉवर शिखराजवळ आहे. त्याला वीज देणारं सोलर मी डिझाइन केलेलं. मी मात्र शेकडो मैल दूर, मॉरिसव्हिलच्या ऑफिसात, चहा घेऊन बसलेली.

"दोन स्कीअर्स हरवलेत. माझी माणसं शोधायला गेलीत," ती म्हणाली. "टॉवर बंद पडला तर मला त्यांना परत बोलवावं लागेल. रेडिओशिवाय कुणालाच वर ठेवता येत नाही."

आधीचे काही दिवस नुसतं वादळ होतं. आता लख्ख ऊन पडलं होतं, तरी बॅटरी चार्ज होईना. मी साइटचा कॅमेरा उघडला. बर्फ साचू नये म्हणून पॅनल्स मी मुद्दाम भिंतीसारखी उभी बसवली होती. पण वाऱ्याने समोरच्या काचेवर बर्फ लिंपून ठेवला होता. हिमकडे कोसळायची भीती, त्यामुळे टॉवरपर्यंत कुणी जाऊ शकत नव्हतं.

माझा मॅनेजर प्रसाद मागे येऊन उभा राहिला. "गेलं यार. लोड कमी कर, वीज खाणारं जे बंद करता येईल ते कर."

"रेडिओ सोडला तर लोड आहे कुठे? काय कमी करू, सांग ना!" मी खेकसलेच.

आणि स्क्रीनवर पॅनल्सकडून येणारा करंट दिसला. अगदी चिमूटभर. समोरून तर येणं शक्यच नव्हतं. ही पॅनल्स बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज तयार करणारी. मागच्या चढावरचा ताजा बर्फ ऊन उलटं फेकत होता. उंचावर हवा विरळ, त्यामुळे ऊनही कडक. पॅनल्स ते पाठीवर घेत होती आणि हळूहळू तापत होती.

"थांब, काही करू नकोस," प्रसाद म्हणाला. जसं काही माझ्या हातात होतं!

थोड्या वेळाने पहिल्या पॅनलवरचा बर्फाचा थर कडेने सुटला आणि धाडकन खाली. मग शेजारचा. करंट सरसर चढला. शाब्बास रे पठ्ठ्यांनो! माणूस नाही, फावडं नाही, आपलं अंग आपणच झटकलं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एवढं कौतुक मला कशाचंच वाटलं नव्हतं.

दुपारी डेबने कळवलं, दोघंही सापडले. एकाची बोटं गारठली होती, पण जिवंत होते. मी डेस्कवरच रडले. प्रसादने गुपचूप टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

आता डोंगरावरची नवी साइट आली की सूर्य कुठून येतो हे मी नंतर विचारते. आधी विचारते, पॅनल्सच्या पाठीमागे बर्फ किती पडतो?