बाबूरावांचं नाव

मिरजगावच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभे राहून माझे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले होते, "तिकडं आपलं बोलनं कोन ऐकून घेनार गं?" लग्नानंतर मी इंग्लंडला निघाले होते. अण्णांना काळजी थंडीची नव्हती, जेवणाचीही नव्हती. आई मात्र शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उपडा होणार नाही ना, हेच पुन्हा पुन्हा विचारत होती.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला यंदा मिळालं, तेही आईमुळे.

आई माझ्याकडे राहायला आली आणि जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं ठरलं. मी भाषांतर करायला सरसावले, तर नर्सनं मलाच थांबवलं. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, दुभाषी फोनवर येणार. मला रागच आला. माझ्या आईचं बोलणं मला कळत नाही की काय! नगरला मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टर सगळं दादाशीच बोलले होते. आई मध्ये बसून नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती आणि आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे आधी बघतात. फोनवरच्या मराठी बाई एकेक प्रश्न विचारत होत्या. गाव, वार, महिना, आईनं सगळं नीट सांगितलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं, आणि आईनं मान खाली घालून पदर सारखा केला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. डॉक्टर मला हळूच म्हणाले, त्यांना उमजत नसेल तर ऑपरेशनचा निर्णय त्यांच्या वतीनं आम्हाला घ्यावा लागेल. ओठांवर आलेलं नाव मी कसंबसं गिळलं.

तेवढ्यात फोनवरच्या बाई हसल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नाहीत, हे त्यांनी डॉक्टरांना समजावलं आणि आईला म्हणाल्या, "मावशी, उखाण्यात घ्या की."

आईची कळी खुलली. पलंगावर पडल्या पडल्या तिनं ठणकावून सांगितलं, "दावनीला गाय, मोकळं वासरू, बाबूरावांचं नाव मी सातासमुद्रापल्याड कशी इसरू?"

बाईंनी ते गायवासरासकट इंग्रजीत सांगितलं. नर्सनं टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे न बघता आईकडे बघून सगळं समजावलं. आईनं एकच विचारलं, "खुरपायला बसता यील का?" उकिडवं नाही, पण स्टुलावर बसता येईल, असं उत्तर आलं. तिनं थोडा विचार केला. या खेपेला "व्हय, व्हय" नाही. "करा मग," म्हणाली. मी कोपऱ्यात डोळे पुसत बसले होते.

आता ती वॉकर घेऊन माझ्या किचनमध्ये फिरते आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते. परवा फोनवर अण्णांना सांगत होती, "अवो, हितं माझं समदं ऐकून घेतलं." पलीकडून अण्णा लाजून म्हणाले, "आन माझं नाव घेतलंस व्हय, समद्यांम्होरं?"

घर म्हणजे मिरजगाव, त्यात काही बदल नाही. पण जिथं माझ्या आईला तिच्या बोलीत विचारलं आणि उत्तरासाठी लोक थांबले, त्या गावाला परकं म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.