चौथा मुक्काम

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही—पण सांगतोय.

वडूजच्या आमच्या वाचनालयात दोन जुनाट कॉम्प्युटर आहेत, ते मी सांभाळतो. त्यांच्या हार्ड डिस्क मेल्या तेव्हा मी शक्कल लढवली—सगळी सिस्टीम पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढवायची आणि पेनड्राइव्ह काढून खिशात घालायचा. मशीन नुसत्या मेमरीवर चालतं, आणि काय पळतं! फक्त बटण बंद केलं की सगळं कोरं. लिहिलेलं आधी आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, हे मी येईल त्याला बजावायचो.

बिरूला नाही बजावलं.

बिरू माझा शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून हवालदार होऊन परतलेला. त्याचे वडील, आबा, जन्मभर मेंढरं घेऊन कोकणात जायचे. कुठं मुक्काम, कुठं पाणी, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची—सगळं त्यांच्या डोक्यात. आता कळप पुतण्यांकडं, आणि त्यांना निम्मी वाट ठाऊक नाही. म्हणून बिरू रोज आबांकडून एक मुक्काम ऐकून यायचा, दोन बोटांनी टाइप करायचा, ‘सेव्ह’ करून निर्धास्त जायचा. मी ते मशीन बंदच करत नव्हतो. सांगितलं असतं तर तो स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आला असता—मग माझी गरज काय उरली असती?

एकदा चार लोकांत तो म्हणाला, “ह्यो लय कॉम्प्युटरवाला! करतोय काय? बटण चालू, बटण बंद!” सगळे हसले. मीही हसलो. एवढंच—खरंच, एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची फाईल उघडली. एकवीस मुक्काम. शेवटपर्यंत वाचली. मग बटण दाबलं. आणि कसं वाटलं म्हणता? गार वाटलं.

बिरूला सांगितलं, लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. त्यानं माझ्याच खांद्यावर हात ठेवला. “आसूं दे रं गड्या, तू तरी काय करणार? आबा हायती की अजून.”

आबा होते. पण थकले होते. या खेपेला बिरूनं मलाच घरी नेलं, वहीत लिहून घ्यायला. तीन मुक्काम नीट झाले. चौथ्याला आबा अडले. “लोणंद... लोणंदच्या...” कपाळ चोळत राहिले. मग रडायलाच लागले. बिरू खाली बघत होता.

मला येत होता तो मुक्काम. लोणंदच्या अलीकडं, ओढ्याकाठची बाभळीची पट्टी, मालक दोघं भाऊ, बोलायचं ते थोरल्याशी. पण तोंड उघडलं तर बिरू विचारणार—तुला कसं ठाऊक?

मी वही मिटली. म्हणालो, “ऱ्हाऊ द्या आबा. नका जिवाला तरास करून घिऊ.”