मामेसासऱ्यांच्या वेबसाइटची तपासणी

तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, या एका तत्त्वावर आमच्या मामेसासऱ्यांइतका निष्ठेनं जगलेला माणूस बंगळुरात दुसरा नसेल. सगळी हयात सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. निवृत्तीनंतर ते खातं येलहंक्याला घरी आलं. तिथे इडलीसुद्धा उलटून पाहिल्याखेरीज ताटात पडत नाही. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा यांनी माझं पदवीपत्र उजेडात धरून शिक्का पाहिला होता. तो राग मी अजून सोडलेला नाही.

कन्नडच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहून घराण्याची मराठी वेगळीच झाली. तिचे शब्द मामांनी दोन म्हाताऱ्या अक्कांकडून पडताळून वेबसाइटवर घातले. पांगलेल्या नातलगांना ते सापडावेत, एवढीच त्यांची इच्छा. पण सर्च केलं की वेबसाइट सातव्या पानावर, आणि उघडली की वर इशारा: 'सुरक्षित नाही'. मामा दुखावले.

व्हाइटफील्डच्या आयटी कंपनीत माझं कामच हे. मी म्हणालो, "मामा, वेबसाइटला सुरक्षेचं सर्टिफिकेट लावलं की इशारा जाईल. सर्चमध्येही वर सरकेल, पण थोडंच."

रविवारी गेलो तर मामा इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर अख्खी वेबसाइट छापून फाइल केलेली, पानोपानी सह्या, शेजारी चिवडा.

"तपासायला साहेब किती वाजता येणार?"

साहेब कसला येतोय? मी पाच मिनिटांत सर्टिफिकेट लावलं. इशारा गेला. मामा पडद्याकडे बघत राहिले.

"एकही पान बघितलं नाही त्यांनी?"

"वेबसाइटचा पत्ता तुमच्याच ताब्यात आहे ना, एवढंच बघतात. आतलं कोणी वाचत नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही तरी वाचलंय का, जावईबापू?"

मी वाचलं नव्हतं. वेबसाइट उभी करून दिली होती मीच, आणि एक शब्द वाचला नव्हता. माझी मलाच लाज वाटली. चिवडा पुढे ओढून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. नुसत्या रुसण्याचेच अकरा शब्द निघाले.

वेबसाइट आता सहाव्या पानावर आहे. नातलग अजून कोणी आलेले नाहीत. सर्टिफिकेटची मुदत मात्र दर तीन महिन्यांनी संपते, आणि दर वेळी मामांचा फोन येतो, "तपासणी आली. स्वल्प लवकर या." हल्ली त्यांना नीट दिसत नाही, म्हणून नवे शब्द मी मोठ्यानं वाचतो. ते डोळे मिटून ऐकतात, मग मी खाली सही करतो.

सर्टिफिकेटची मुदत आपोआप वाढते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.